हरकत घेणाऱ्याने काम करावे

दि. ११ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ. (त्यातले निम्मे, उत्तर वेळेवर आल्यास.)

तुझं पत्र मिळालं. चार पानांपैकी साडेतीन पानं बॉयलरच्या प्रकृतीवर आणि अर्धं पान माझ्या. परक्याने वाचलं तर त्याला वाटेल, बॉयलर हीच तुझी थोरली बहीण आणि मी तळघरात बसवलेलं एखादं यंत्र. साम्य आहे म्हणा. दोघांनाही थंडीत सुरू व्हायला वेळ लागतो.

तुमच्या विद्यार्थी निवासातली मुलं तुला सांगतात की बहिणीला पत्रं कसली लिहिता, फोन करा. नको करूस. फोनवर तू म्हणतोस बरं आहे, मी म्हणते बरं आहे, आणि दोघंही खोटं बोलून मोकळे होतो. कागदावर खोटं उतरवताना हात जरा अडखळतो. अण्णांनी पहाटे उठवून शब्दांची रूपं घोकून घेतली, त्याचा एवढाच काय तो उपयोग झाला.

इथे माझ्या संस्कृतच्या शिकवण्या चालू आहेत. पाच मुली आणि एक निवृत्त अधिकारी. मुलींना गुण हवेत, अधिकाऱ्यांना मोक्ष. मी सगळ्यांना सारखंच पाठांतर देते. आई गेल्याला दीड वर्ष झालं, पण घराला ते अजून नीट कळलेलं नाही. चहाचं आधण मी अजून दोघींचं ठेवते आणि मग दोन्ही कप मलाच प्यावे लागतात.

कामाचं असं, की पलीकडच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांना आपल्या वरच्या दोन खोल्या भाड्याने हव्या आहेत. त्यांची बायकोही दातांचीच डॉक्टर. दोघं एकदम हसली की जाहिरात बघितल्यासारखं वाटतं. माणसं चांगली आहेत. मेअखेर त्यांना नक्की काय ते सांगायचं आहे. त्या खोल्या तुझ्या म्हणून ठेवल्या आहेत. दर शनिवारी झाडते. तिथे कोणी पाऊल टाकत नाही, तरी धूळ वेळेवर येते. तुझ्यापेक्षा नियमित आहे.

तू इकडे राहायला येणार आहेस का, हे मी विचारत नाही. डॉक्टर विचारतायत.

लोभात काही घट झाली असल्यास कळवावे.
ताई


दि. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

उत्तर वेळेत आहे. उरलेले निम्मे आशीर्वाद परत टपाली पाठवावेत.

डॉक्टरांना काय सांगावं ते मला कळत नाही. इथली तऱ्हा तुला माहीत आहेच. ज्या सात जणांनी हा बंद पडलेला मोज्यांचा कारखाना घेऊन विद्यार्थ्यांची सहकारी राहण्याची जागा केली, त्यातली तू एक. तेव्हा सात होतात, आता बासष्ट आहेत. मालक अजूनही कोणी नाही. प्रत्येकाने आठवड्याला चार तास काम करायचं, स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या तक्त्यात नाव शोधायचं, आणि आपलं नाव भांड्यांपुढे दिसलं की आपल्याला अचानक ताप आला आहे असं सांगायचं. ही परंपरा तुमच्यापासूनची आहे असं ऐकून आहे. परवा कपडे धुण्याच्या पाळीवरच्या मुलाने जेवणघराचा लाल पडदा सगळ्यांच्या चादरींबरोबर धुतला. सध्या अख्खं निवास गुलाबी चादरींत झोपतं. कोणी रागावलं नाही. सभेत ठराव झाला की रंग शोभतो.

एप्रिलमध्ये वार्षिक सभा आहे. त्यात व्यवस्थापकाची नेमणूक होते. म्हणजे सभापती तीनदा विचारते की कोणाची हरकत आहे का. कोणी बोललं नाही की झाली नेमणूक. बावीस वर्षं झाली, कोणी बोललेलं नाही. परवा जेवताना मी म्हटलं की या वेळी मला मोकळं करा, घरी बहीण एकटी आहे. सगळी हसली. म्हणाली की काका, तुम्ही हे दर फेब्रुवारीत म्हणता आणि मार्चमध्ये नवे नळ मागवता. या वर्षीची सभापती दगडमातीचा अभ्यास करणारी मुलगी आहे. ती म्हणाली की तिच्या शास्त्रात काका हा थर फार खाली गेलेला आहे, काढायला गेलं तर इमारत खचेल.

राजीनामा देता येतो, हे मलाही माहीत आहे. दोनदा कागद घेऊन बसलो. एकदा बॉयलर बंद पडला. दुसऱ्यांदा तो चालू होता, तरी मी खाली जाऊन बघून आलो.

डॉक्टरांना मेअखेरीच्या आत काही सांगू नकोस.

आपल्या लोभावर आजवर कोणी हरकत घेतलेली नाही, सबब तो चालू समजावा.
तुझा,
भाऊ


दि. ९ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ., पूर्ण.

बकरीच्या गळ्याला लोंबणाऱ्या स्तनांबद्दल अण्णा काय म्हणायचे, आठवतं ना? दिसतात, पण दूध नाही. तुझं घरी कायमचं येणं त्या जातीचं आहे. चौतीस वर्षं नुसतं दिसतं.

मी रागावलेली नाही. रागावले असते तर गोड लिहिलं असतं. पण तुझं पत्र वाचून झाल्यावर बराच वेळ त्या जेवणघरात जाऊन बसले होते, मनाने. त्या उंच खिडक्या, यंत्रं काढून नेल्यावर जमिनीत राहिलेले खिळे, आणि आम्ही सात जण जुन्या दारांची टेबलं करून जेवायला बसलेलो. दुसऱ्या वर्षी आई पडली, अंथरुणाला खिळली आणि मला परत यावं लागलं. तेव्हा तक्त्यावरचं माझं नाव खोडून तुझं लिहिलं गेलं. तीच खोली, तीच गादी, आणि सोमवारची भांडीही माझीच. तू एकोणीस वर्षांचा होतास. मी तुला स्टेशनवर घ्यायला आले आणि त्याच गाडीने परत गेले. आपण एकत्र त्या निवासात किती वेळ होतो, माहीत आहे? एकही मिनिट नाही.

असो. मुद्द्याचं. पहिल्या सात सभासदांना वार्षिक सभेपुढे पत्राने आपलं म्हणणं मांडायचा तहहयात हक्क आहे. कोणी तो कधी वापरला नाही. मी वापरते आहे. सभापतीच्या नावे स्वतंत्र पाकीट आजच टाकलं. मजकूर एवढाच: विद्यमान व्यवस्थापकांच्या फेरनेमणुकीस माझी हरकत आहे, त्यांची त्यांच्या घरी गरज आहे.

सभेत आलेली पत्रं व्यवस्थापकाने उभं राहून वाचायची असतात. तेव्हा त्या दिवशी थंड पाणी पिऊ नकोस, घसा स्वच्छ ठेव.

लोभ कायम, त्याला सभेची मंजुरी लागत नाही.
ताई


दि. २० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

सभा झाली. सगळं क्रमाने सांगतो, कारण मला स्वतःलाही ते अजून क्रमाने लावता आलेलं नाही.

जेवणघर भरलं होतं. सभापतीने पहिल्यांदा विचारलं, हरकत? कोणी नाही. मग तिने तुझं पाकीट माझ्या हातात दिलं. मी वाचलं. पहिलं वाक्य व्यवस्थित वाचलं. गरज या शब्दापाशी चष्मा पुसावा लागला. खोलीत वाफ होती असं मी सांगितलं, पण त्या दिवशी जेवण थंडच होतं.

मग नळवाल्यांनीही खोकला गिळला. तुला ते ठाऊक नाहीत. माझ्या वयाचे आहेत, नळ दुरुस्त करायला एकदा आले ते अठरा वर्षं दर सभेला चहाला येतात. एक पहिल्या वर्षाची मुलगी रडायला लागली. सभापती मला म्हणाली की काका, तुम्ही खरंच जायचं म्हणत होतात आणि आम्ही हसत होतो, हे फार वाईट झालं. मी म्हटलं, मीही हसत होतो.

हरकत मान्य झाली. मग पुढचा प्रश्न, आता व्यवस्थापक कोण. तेव्हा एका कायद्याच्या विद्यार्थ्याने मूळ नियमांची वही मागवली. जांभळ्या कार्बनची प्रत, समासात हाताने घातलेली कलमं. अकरावं कलम त्याने मोठ्याने वाचलं. जसंच्या तसं लिहितो: हरकत घेणाऱ्याने ते काम एक सत्र स्वतः करावे. नुसती हरकत म्हणजे पाहुण्याने मीठ कमी म्हणणे.

अक्षर तुझं आहे. उजवीकडे झुकलेलं. खाली सहीसुद्धा आहे.

त्यानंतर जे झालं ते लिहायला मला संकोच वाटतो. बासष्ट जणांनी टेबलं बडवली. सभापतीने तुझ्या नेमणुकीवर तीनदा हरकत विचारली. मी तोंड उघडलं होतं, पण नळवाल्यांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. तू एक जुलैपासून सहा महिने या निवासाची व्यवस्थापक आहेस. सभेचं पत्र वेगळं येईल. जुलैचा महिना मी इथे राहून काम समजावून द्यायचं आहे. मग मी मोकळा.

ताई, एक लिहायचं राहिलं. ते मला चौतीस वर्षं लिहायचं राहिलं आहे. मी बॉयलरसाठी थांबलो नव्हतो. तुझं शिक्षण सुटलं आणि ते माझं झालं. तुझ्या खोलीत मी पदवी घेतली. दर सुट्टीत घरी यायचो तेव्हा तू आईची औषधं मोजत असायचीस आणि मला विचारायचीस की कारखान्याच्या खिडक्या पुसतात का. तुझ्यासमोर बसून ते सांगायची मला लाज वाटायची. म्हणून इथे नळ आवळत बसलो.

लोभ आहे, असं समजण्याची मुभा असावी.
तुझा,
भाऊ


दि. २ मे

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि सभेचं पत्र एकाच दिवशी आलं. सभेचं आधी उघडलं. उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

कलम अकरा मी साफ विसरले होते. शपथेवर सांगते. एकवीस वर्षांच्या शहाण्या मुलीने केलेला नियम पंचावन्न वर्षांच्या मूर्ख बाईला लागू होतो का, असा विचार आला. होतो. मला वाटतं, त्या मुलीने तो नेमका याच बाईला डोळ्यापुढे ठेवून केला असावा. निवृत्त अधिकाऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले की हे पूर्वसंचित. मी म्हटलं, संचित कसलं, हा सरळ निष्काळजीपणा.

म्हणजे हिशेब बघ कसा लागला. तुला घरात आणायला निघाले आणि घराबाहेर मीच. डॉक्टरांना काल नाही म्हणून आले, वरच्या खोल्यांत भाऊ राहायला येतोय म्हणून सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण दोघांनी हसून दाखवलं.

आणि तुझ्या त्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल. खिडक्यांचं मी दर सुट्टीत विचारायची ते तुला टोचायला नव्हे रे. तू सांगत असलास की मला त्या दिसायच्या. तू आलाच नाहीस की दिसायच्या बंद व्हायच्या. माझा राग असलाच तर एवढाच आहे, की मग तू येणंच कमी केलंस.

येते आहे. नाही म्हणायचा विचार मी अर्धा दिवस केला. पण त्या अर्ध्या दिवसात माळ्यावरची पेटी काढून पुसून झाली होती.

लोभ आता समोरासमोर, निदान महिनाभर.
ताई


दि. १९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न.

आता मी घरातून लिहितोय आणि तू तिथून वाचतेयस, हे मनाला अजून पटत नाही. पत्ता लिहिताना दोनदा आपलाच लिहिला.

जुलै फार लवकर संपला. महिनाभर आपण एका टेबलावर जेवलो, पण साठ जणांच्या गलक्यात. बोलायचं म्हणून जे जे ठरवलं होतं ते सगळं राहिलं, आणि पत्रात वाचलेलं असूनही तू मला चादरी गुलाबी का आहेत हेच चारदा विचारलंस.

इथे पहिल्या आठवड्यात घरातलं जे जे गळत, करकरत, अडकत होतं ते सगळं दुरुस्त करून टाकलं. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्यांचं केलं. आता गल्लीत काही मोडलेलं उरलेलं नाही. मला सगळे ताईंचे भाऊ म्हणून ओळखतात. दातांच्या डॉक्टरांनी माझी दाढ काढली आणि काढता काढता पुन्हा एकदा खोल्यांचं विचारलं. तोंड उघडं होतं, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

तुझ्या शिकवणीच्या मुली शनिवारी येतात. तू नेमून दिलेलं म्हणून दाखवतात आणि मी चुकलं की खुणेने थांबवतो. अधिकारी म्हणतात, तुम्ही कडक नाही, ताईंकडे मोक्ष जवळ वाटायचा.

वरच्या खोल्यांत मी फारसा राहत नाही. खाली आईच्या खोलीबाहेर तुझी वेताची खुर्ची आहे ना, तिच्यात बसायला लागलो. पहिल्या दिवशी ती खिडकीपाशी ओढायला गेलो, तर फरशीवर चारही पायांचे खळगे पडलेले. ती कधी हललेलीच नाही. मग तशीच ठेवली आणि बसून पाहिलं. तिथून रस्ता दिसत नाही. अंगण दिसत नाही. फक्त आईचा पलंग दिसतो. ताई, बत्तीस वर्षं. त्या संध्याकाळी मी दिवा लावायचा विसरलो.

घर छान आहे. शांत आहे. तू इथे असतीस तर मी इथेच राहिलो असतो, असं वाटतं. माझं हे नेहमीचं आहे, म्हणशील. जिथे तू नाहीस तिथे मी वेळेवर पोचतो.

लोभाची उधारी माझ्याकडे फार झाली आहे, तरी आणखी मागतो.
तुझा,
भाऊ


दि. ६ ऑक्टोबर

चि. भाऊस,
अ. उ. आ.

खुर्चीचं वाचलं. ती तिथून काढ आणि खिडकीपाशी ठेव. खळगे राहू देत.

मी मजेत आहे, आणि हे कागदावर लिहिते आहे, तेव्हा खरं समज. सकाळी भांड्यांच्या पाळीवरची मुलं मला बघून ताप आल्याचं सांगत नाहीत. मी कपाळाला हात लावून बघते. करपलेली पातेली कोणी घासायची यावर दोन तास सभा चालली. शेवटी मी सांगितलं की ज्याला वाटतं आपण करपवलं नाही, त्याने घासावं. त्याचं मन स्वच्छ आहे, पातेलंही होईल. ठराव झाला. सभापती माझ्याशी दगडांवर बोलते. डोंगर वर्षाला नखाएवढे सरकतात म्हणे. मी तिला सांगितलं की माझ्या भावाच्या मानाने ते घाईत आहेत.

जुलैत तू मला आपली ती नऊ नंबरची खोली बघू नकोस म्हणालास, तिथे आता कोणीतरी राहतं म्हणून. परवा राहणाऱ्या मुलीने स्वतःच बोलावलं. आत गेले. लहान आहे रे. मला वाटायचं केवढी मोठी. खिडकीतून तेव्हा दिसायचं तेवढंच अजून दिसतं. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि त्या मुलीने काही न विचारता पाणी आणून दिलं.

डिसेंबरात माझं सत्र संपतं. त्यांना मी राहायला हवी आहे. मलाही राहायचं आहे. हे वाक्य लिहायला मला चौतीस वर्षं आणि आजची दुपार लागली.

आता खरं कारण, ज्यासाठी कागद घेतला. दाराजवळची खोली इथे कामकरी सभासदासाठी असते. विद्यार्थी नसला तरी चालतो. आठवड्याला वीस तास दुरुस्तीचं काम, त्याबदल्यात खोली आणि जेवण. नोव्हेंबरात ती रिकामी होते. अर्ज करावा लागतो, आणि सभा ठरवते. मी नातेवाईक, म्हणून मला त्यात मत नाही, शब्दही टाकता येत नाही. तिघांचे अर्ज आधीच आले आहेत. त्यातला एक सुतार आहे आणि उत्तम आहे, हे तुला सांगणं माझं कर्तव्य आहे.

तू इथे आलं पाहिजेस असं कारण मी आठवडाभर शोधते आहे. सापडत नाही. बॉयलर माझ्याशी चांगला वागतो. नळ नळवाले बघतात, आणि हल्ली चहाही तेच करतात. मुलं तुझी आठवण काढतात, पण त्यांचं अडत काही नाही. सभेला लिहिताना मी लिहिलं होतं की तुझी घरी गरज आहे. ते खोटं होतं. तेव्हाही गरज नव्हती. मी बत्तीस वर्षं सगळं एकटीने केलं, आणखी वीस केलं असतं.

गरज नाही, भाऊ. मला तू हवा आहेस. ये.

अर्जाचा कोरा नमुना सोबत आहे.
ताई


दि. १८ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचलं. किती वेळा ते सांगत नाही.

खुर्ची खिडकीपाशी नेली. परवा संध्याकाळी डॉक्टर दोघं आली, त्यांना आळीपाळीने तिच्यात बसवून बघितलं. वरचं, खालचं, सगळं घर त्यांना आवडलं आहे. सभेने माझा अर्ज मान्य केला तर ती एक डिसेंबरला राहायला येतील, नाही केला तर वरच्या दोन खोल्यांवर भागवतील, असं ठरलं. अशा अटीवर कोण तयार होतं? पण होकार देताना दोघं हसली, आणि या वेळी जाहिरातीसारखं वाटलं नाही. शिकवणीच्या मुली नाराज आहेत. अधिकारी म्हणतात, मोक्षासाठी ते तिकडेच येतील.

सुताराचं कळवलंस ते बरं केलंस. सुतार उत्तम असेल तर त्याला मिळावी. सभेने नियमानेच ठरवावं, माझी कोणी भीड धरू नये, हे नळवाल्यांनाही सांग. ते टेबलाखाली पाय चालवतात.

अर्ज भरून सोबत पाठवला आहे. नाव, वय, येणारी कामं, हे सोपं होतं. पूर्वी निवासात राहिला असल्यास किती काळ, या प्रश्नापुढे चौतीस वर्षं लिहिलं. मग शेवटचा रकाना आला: येथे राहण्याचे कारण. तिथे आधी दुरुस्तीचा अनुभव असं लिहिलं आणि खोडलं. मग संस्थेबद्दल आपुलकी लिहिलं आणि तेही खोडलं. एवढासा रकाना, त्यात आता जागा फार उरली नव्हती. खाली बारीक अक्षरात जे मावलं ते लिहिलं आहे. सभेत पत्रं वाचायचं काम तुझं आहे आणि अर्जही तूच वाचणार, म्हणून आधी सांगून ठेवतो, म्हणजे तिथे चष्मा पुसावा लागणार नाही.

ताई तिथे आहे, असं लिहिलं आहे.

तुझा,
भाऊ